नवा संगणक नको, देखभाल हवी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने ‘विंडोज १०’ या आपल्या संगणकप्रणालीचा सर्वसाधारण आधार काढून घेतला. तेव्हापासून कळमनुरी तालुक्यात, आणि बहुधा मराठवाड्यातील प्रत्येक तालुक्यात, एक वाक्य वारंवार कानी पडू लागले आहे: ‘मशीन जुनी झाली, आता नवीन घ्या.’ हे वाक्य उच्चारणारा विक्रेता असतो, ऐकणारा सरपंच, मुख्याध्यापक किंवा सोसायटीचा सचिव असतो, आणि पैसे गावाचे असतात. प्रणालीचा आधार संपण्यापूर्वीही हे वाक्य होतेच. फक्त तेव्हा त्याचे निमित्त ‘मशीन स्लो झाली’ एवढेच असे. आता त्या निमित्ताला एक अधिकृत तारीख मिळाली आहे.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे आहे की, संगणक मंदावणे आणि संगणक निकामी होणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. त्या दोहोंच्या मध्ये साफसफाई, एखाद्या सुट्या भागाची अदलाबदल आणि प्रणालीची नव्याने उभारणी असे तीन टप्पे येतात. हे टप्पे ओलांडून थेट खरेदीवर उडी मारणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय आहे आणि तो रोखणे हे राजकीय काम आहे.

सोयाबीनची खरेदी रखडलेली असताना, हळदीचा भाव कोसळत असताना संगणकाच्या साफसफाईवर लेख कसला लिहिता, असे काही कार्यकर्ते विचारतील. त्यांनी खरिपाच्या पीकविम्याच्या शेवटच्या आठवड्यात कोणत्याही गावच्या सेवा केंद्रासमोर तासभर उभे राहावे. सातबारा, विमा, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, शेतकरी ओळख क्रमांक, निराधारांचे अनुदान, यांपैकी एकही गोष्ट आज त्या टेबलावरच्या यंत्राला टाळून मिळत नाही. जुन्या काळी तलाठी सज्जावर नसे म्हणून आपण मोर्चे काढीत होतो. आज तलाठी आहे, ऑपरेटर आहे, वीजही आहे, आणि पडद्यावर एक गोल चक्र फिरत आहे. त्या चक्राविरुद्ध घोषणा द्यावी कशी, हे आपल्याला अद्याप उमगलेले नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या चक्राची किंमत काढता येते. समजा, मंदावलेल्या यंत्रामुळे प्रत्येक अर्जाला १० मिनिटे अधिक लागतात आणि रांगेत ४० माणसे आहेत. पहिल्या माणसाची १० मिनिटे वाया जातात, दुसऱ्याची २०, चाळिसाव्याची ४००. सर्वांची बेरीज ८,२०० मिनिटे, म्हणजे १३६ तासांहून अधिक होते. आठ तासांचा दिवस धरला तर गावाचे एका दिवसात १७ मनुष्यदिवस बुडाले. ही मजुरी कोणत्याही नमुन्यात, कोणत्याही लेखापरीक्षणात दिसत नाही. कारण ती शेतमजूर बाई आणि कोरडवाहू शेतकरी यांच्या खिशातून जाते, कार्यालयाच्या तिजोरीतून जात नाही. ज्या खर्चाचा भार दुसऱ्यावर पडतो तो खर्च करणाऱ्याला कधीच जड वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यात आखाडा बाळापूर परिसरातील एका गावी असाच प्रसंग पाहिला. केंद्रावर काम करणाऱ्या भगिनीला मी विचारले, ‘ताई, पोर्टल बंद आहे का?’ ती म्हणाली, ‘नाही सर, पोर्टल चालू आहे. मशीनच झोपली आहे. सकाळी चालू केली की पाऊण तास हात लावता येत नाही.’ नव्या संगणकाचे कोटेशन तिच्या टेबलावर पडलेलेच होते. त्याच गावातील, पुण्यात दुरुस्तीच्या दुकानात काही वर्षे काढून परत आलेल्या एका तरुणाने पुढच्या रविवारी ते यंत्र उघडले. पंख्यावर धुळीचा नमदा जमला होता. आत दोन वेगवेगळे अँटिव्हायरस एकमेकांवर पहारा करीत बसले होते. डिस्क गावकऱ्यांच्या स्कॅन केलेल्या कागदपत्रांनी काठोकाठ भरली होती. त्याने यंत्र साफ केले, जुनी फिरती डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवली, प्रणाली नव्याने टाकली. संध्याकाळी ते यंत्र एका मिनिटाच्या आत कामाला तयार झाले. कोटेशनच्या आकड्याच्या दशांशाहूनही कमी खर्च आला.

यात चमत्कार काही नाही. मंदावण्याची कारणे मोजकी आहेत आणि ती शोधण्याची रीत कोणालाही शिकता येते. विंडोजच्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी कोणाचा आकडा शंभर टक्क्यांशी चिकटून बसला आहे, एवढे तेथे पाहावे. डिस्क चिकटली असेल तर बहुधा ती जुन्या पद्धतीची, मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरणारी तबकडी असते. तिला प्रत्येक लहान नोंद शोधायला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. एसएसडीत फिरणारे काही नसल्याने तेच काम शंभरपट किंवा त्याहूनही वेगाने होते. मेमरी चिकटली असेल तर यंत्रात ४ जीबीच मेमरी आहे आणि आजचे ब्राउझर एकटेच तेवढी गिळू पाहते, असा त्याचा अर्थ असतो. प्रोसेसर चिकटला असेल तर मागे कोणता प्रोग्राम चालला आहे ते पाहावे. तेथेच ‘स्टार्टअप’ची यादी असते. प्रिंटरच्या कंपनीपासून व्हिडिओ कॉलच्या कंपनीपर्यंत प्रत्येकाने आपला एक माणूस त्या यादीत घुसवलेला असतो, आणि यंत्र सुरू होताच हे सारे बिनपगारी पण खादाड नोकर एकदम जागे होतात. त्यांतील बहुतेकांना बंद करायला पैसा लागत नाही.

उष्णतेचा मुद्दा आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. प्रोसेसर ठरावीक तापमानापुढे गेला की स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती आपणच कमी करतो. ही त्याच्यात मुद्दाम ठेवलेली सोय आहे. हिंगोलीच्या एप्रिल-मेमध्ये, पत्र्याच्या खोलीत, धुळीने पंखा गुदमरलेला असताना यंत्र मंद चालते ते त्यामुळे. त्याला ब्रश, हवेचा झोत आणि प्रोसेसरवरील वाळलेल्या लेपाच्या जागी ताजा लेप एवढेच औषध पुरते. दुसरा शत्रू म्हणजे एकाएकी जाणारी वीज. लिहिता लिहिता वीज गेली की प्रणालीच्या फायली अर्धवट राहतात, आणि यूपीएसची बॅटरी तर बहुतेक कार्यालयांत केव्हाच मेलेली असते. तिसरा शत्रू चोरून टाकलेली प्रणाली. परवाना फोडण्यासाठी जी ‘क्रॅक’ची उपकरणे दुकानांतून सर्रास वापरली जातात, त्यांच्या पोटात पुष्कळदा दुसऱ्याचे हेर दडलेले असतात. ज्या यंत्रावर गावाचे अंगठे आणि आधार क्रमांक घेतले जातात त्यावर अशी प्रणाली असणे ही केवळ मंदपणाची बाब राहत नाही.

साफसफाईने भागले नाही तर प्रणाली पुसून नव्याने टाकावी. आपल्या चळवळीत सुधारणा की क्रांती हा वाद अर्धशतकाहून अधिक काळ चालला आणि त्यात किती पक्ष फुटले याची मोजदाद नाही. संगणकाच्या बाबतीत तो वाद सुदैवाने अर्ध्या दिवसात मिटतो: आधी सुधारणा करून पाहावी, तिने न भागल्यास सर्व पुसून नव्याने मांडणी करावी. पण पुसण्यापूर्वी काय जपायचे याचा विचार न करणारे क्रांतिकारक येथेही घात करतात.

तालुक्यातील एका गावात घरपट्टीच्या आकारणीचे तक्ते अनेक वर्षांपासून संगणकावर होते. प्रणाली नव्याने टाकली, फायली जपून परत आणल्या, आणि उघडून पाहतात तो मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी. माहिती जशीच्या तशी होती. नाहीसा झाला होता तो फॉन्ट. युनिकोड रूढ होण्यापूर्वी, आणि आपल्या कार्यालयांत त्यानंतरही बराच काळ, मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या आयएसएममधील सुरेख अशा फॉन्टांत टंकित होत असे. त्या पद्धतीत ‘क’ हे अक्षर संगणकाच्या लेखी ‘क’ नसतेच. ते एखाद्या रोमन चिन्हावर चढवलेले चित्र असते. फॉन्ट गेला की चित्र गेले. म्हणून मराठी कार्यालयातील यंत्र पुसण्यापूर्वी कागदपत्रांची प्रत दोन वेगळ्या ठिकाणी घ्यावी, त्यांसोबत फॉन्टांचीही घ्यावी, आणि शक्य असेल तेवढे जुने दस्त युनिकोडमध्ये पालटून ठेवावेत. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे, अंगठा घेणाऱ्या उपकरणाचे आणि प्रिंटरचे ड्रायव्हर आधीच उतरवून घ्यावेत. नाहीतर यंत्र वेगवान होईल आणि ग्रामसेवकाची सही होणार नाही. परवान्याची भीती मात्र बहुधा अनाठायी असते. यंत्रासोबत अधिकृत ‘विंडोज १०’ आलेले असेल तर त्याची नोंद त्या यंत्राशीच जोडलेली राहते, आणि तीच प्रणाली पुन्हा टाकताना ती पुन्हा विकत घ्यावी लागत नाही.

येथवरचा भाग तंत्रज्ञाचा झाला. यापुढचा प्रश्न असा की, एवढे सोपे उपाय असताना ‘नवीन घ्या’ हेच उत्तर सर्वत्र का मिळते?

यंत्राचे आयुष्य कोण ठरवतो, हा भांडवलशाहीतील जुना प्रश्न आहे. १९२४ साली जगातील मोठ्या दिवा-उत्पादकांनी जिनिव्हात ‘फीबस’ नावाचा गट बांधला आणि विजेच्या दिव्याचे आयुष्य १,००० तासांच्या आसपास राहील अशी तजवीज केली. अधिक टिकाऊ दिवा बनवणाऱ्या कारखान्याला त्या गटात दंड होत असे. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपल कंपनीने कबूल केले की, बॅटरी जुनी झालेल्या आयफोनांची गती ती प्रणालीतूनच कमी करीत होती. ग्राहकाला हे सांगितले नाही म्हणून फ्रान्समध्ये २०२० साली तिला अडीच कोटी युरो भरावे लागले. बॅटरी बदलली की तोच फोन पूर्ववत चालत असे. पण आपला फोन मंद का झाला हे ज्याला ठाऊक नाही, तो बॅटरी कशाला बदलील? तो नवा फोन घेईल.

विंडोजचे प्रकरण याहून उघड आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ‘विंडोज ११’साठी कंपनीने टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा, प्रोसेसर आवश्यक ठरवला. त्यामुळे २०१६ साली घेतलेले, आजही धडधाकट असलेले यंत्र अधिकृतपणे नव्या प्रणालीस अपात्र ठरते. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये असा अंदाज मांडला होता की, या निर्णयामुळे जगातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात.

कंपनीने सुरक्षेची वाढीव मुदत विकायला ठेवली आहे, आणि तिचे दर प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावेत असे आहेत. संस्थांना दर यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढील दोन वर्षी प्रत्येक वेळी दुप्पट, म्हणजे तीन वर्षांचे ४२७ डॉलर. घरगुती ग्राहकाला ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या एका वर्षासाठी ३० डॉलर, किंवा आपली मांडणी कंपनीच्या खात्यात ठेवायला तो राजी असेल तर फुकट. शैक्षणिक संस्थांना पहिल्या वर्षी फक्त १ डॉलर. युरोपात ग्राहक संघटनेने जाब विचारला तेव्हा तेथील घरगुती ग्राहकांसाठी ती फारशा अटींविना फुकट झाली. सुरक्षेची दुरुस्ती तीच आणि तिचा उत्पादनखर्चही तोच. किंमत मात्र कोठे ६१, कोठे ३०, कोठे १ आणि कोठे शून्य. वस्तूची किंमत खर्चावरून न ठरता गिऱ्हाइकाच्या अगतिकतेवरून ठरू लागली की तिला मक्तेदारीची किंमत म्हणतात, हे आम्ही पदवीच्या वर्गात शिकवीत असू. युरोपातल्या अनुभवाचे तात्पर्य मात्र पाठ्यपुस्तकात नव्हते: संघटित ग्राहकापुढे ही किंमत वाकते.

कंपनीच्या बाजूने जे खरे आहे तेही मान्य केले पाहिजे. आधार संपलेली प्रणाली इंटरनेटला जोडून तीवर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे; कारण नव्याने सापडणारी छिद्रे बुजवायला कोणी उरत नाही. तेव्हा ‘जुने तेच चालवत राहा’ असे येथे सुचवायचे नाही. ज्या यंत्रावर अंगठे आणि डिजिटल स्वाक्षऱ्या चालतात तेथे आधार असलेली विंडोजच लागेल, कारण ती उपकरणे अन्यत्र नीट चालतीलच याची खात्री देता येत नाही. पण शाळेची संगणक-खोली, वाचनालय, पत्रव्यवहार, ताळेबंद, ब्राउझरमधून होणारी कामे यांसाठी लिनक्स ही मुक्त प्रणाली पुरेशी आहे. तिच्या हलक्या आवृत्त्या दहा-बारा वर्षांच्या यंत्रावरही सुखाने चालतात. तिला परवानाशुल्क नाही, आणि तिच्यात युनिकोड मराठी लिहिता येते. सी-डॅकने ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स २००७ सालीच काढली होती. ती किती कार्यालयांत पोहोचली हा निराळा आणि खेदाचा विषय आहे.

आता आपल्या चळवळीच्या स्मरणातील एका प्रकरणाकडे वळू. १९७८ साली आयबीएम ही कंपनी भारतातून गेली, आणि जॉर्ज फर्नांडिस तेव्हा उद्योगमंत्री होते, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगत आलो. परकी चलन नियमन कायदा १९७३ प्रमाणे विदेशी भागीदारी ४० टक्क्यांवर आणण्यास कंपनी तयार झाली नाही, हे त्याचे तात्कालिक कारण. पण त्याआधीची तक्रार आजच्या विषयाशी अधिक निगडित आहे. १९५९ साली बाजारात आलेली १४०१ ही यंत्रे परदेशात वापरून जुनी झाल्यावर येथे आणली जात, मुंबईच्या कारखान्यात दुरुस्त केली जात आणि भारतीय संस्थांना, रेल्वेसारख्या सरकारी खात्यांनाही, भाड्याने दिली जात. म्हणजे जुने यंत्र दुरुस्त करून उत्तम चालते हे आयबीएमला पक्के ठाऊक होते. दुरुस्तीची विद्या आणि तिचा नफा मात्र तिने आपल्याकडे ठेवला होता.

या कथेचा दुसरा अर्धा भाग आपण सहसा सांगत नाही. कंपनी गेल्यावर तिची देशभर पसरलेली यंत्रे बंद पडली नाहीत. १९७५ साली स्थापन झालेल्या एका सार्वजनिक कंपनीने त्यांची देखभाल अंगावर घेतली. तिचे नावच ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’ असे होते. उत्पादनाचे किंवा विक्रीचे नाव न लावता देखभालीचे नाव धारण करणारा सरकारी उद्योग जगात क्वचितच सापडेल. भारतीय तंत्रज्ञांनी परकी यंत्रे उघडली, समजून घेतली आणि चालती ठेवली. त्या अनुभवातूनच याच कंपनीने पुढे १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत रेल्वे आरक्षणाची संगणकीय पद्धत उभी केली. २००१ साली केंद्र सरकारने तिचा ५१ टक्के हिस्सा टाटा समूहाला विकला, आणि २०१५ साली ती टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली. ज्या मंत्रिमंडळाच्या काळात ही विक्री झाली त्यात आपल्या परंपरेतील कोण कोण बसले होते, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. तो विषय येथे वाढवीत नाही.

आज तालुक्याच्या पातळीवर अशी देखभाल यंत्रणा कोठे आहे? २०११ च्या सुमारास ‘संग्राम’ प्रकल्पातून ग्रामपंचायतींत संगणक आले. २०१६ नंतर ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आले. त्या व्यवस्थेत वित्त आयोगाच्या निधीतून प्रत्येक ग्रामपंचायतीकडून दरमहा बारा हजार रुपयांवर रक्कम घेतली जात असे. त्यात परिचालकाचे मानधन सहा हजारांच्या आसपास, आणि तेही महिनोन्महिने थकलेले. त्या मानधनासाठी या तरुण-तरुणींना मुंबईत आंदोलने करावी लागली. उरलेल्या रकमेतून कागद, शाई आणि देखभाल होणे अपेक्षित होते. तालुक्यातील किती यंत्रांचे झाकण त्या काळात एकदा तरी उघडले गेले, हे गावोगाव विचारून पाहावे. माध्यमिक शाळांची कथा वेगळी नाही. ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या तत्त्वावर पाच वर्षांच्या कराराने संगणक-कक्ष उभे राहिले. करार संपला तेव्हा यंत्रे शाळेच्या मालकीची झाली आणि शिक्षक बेकार झाला. ज्या दिवशी शाळा मालक बनली त्या दिवसापासून खोलीला कुलूप लागले.

खरेदीला निविदा असते, दरपत्रक असते, नारळ असतो, वर्तमानपत्रात छायाचित्र असते, आणि मधले हिशेबही असतात. पंखा पुसण्याला यांपैकी काहीच नसते. भांडवली खर्चासाठी निधी वरून येतो. देखभालीचा महसुली खर्च स्वनिधीतून करावा लागतो, आणि कळमनुरीसारख्या तालुक्यातील ग्रामपंचायतीचा स्वनिधी म्हणजे वसूल न झालेली घरपट्टी. अशा रचनेत, सरपंच कितीही प्रामाणिक असला तरी, जुने यंत्र सडू देऊन नव्याची मागणी करणे हेच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते. दोष माणसाच्या नियतीचा कमी आणि निधीच्या वाटपाचा अधिक आहे. आपल्या कार्यालयांत संगणकाची नोंद पहिल्याच दिवशी ‘डेडस्टॉक’ रजिस्टरात होते. तेथून त्याचा प्रवास थेट निर्लेखनाकडे होतो. पैनगंगेवरचे इसापूर धरण आपल्या तालुक्याच्या सीमेवर आहे. कालव्यात गाळ साचला, झाडोरा माजला म्हणजे शेपटाकडच्या शेताला पाणी उशिरा पोहोचते. त्यावर नवे धरण बांधा असे कोणी शहाणा म्हणत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच म्हणत आहोत.

नवे यंत्र वीज कमी खाते, असा एक आक्षेप ऐकू येतो. तो खरा आहे. पण दिवसाला आठ तास चालणाऱ्या एका यंत्रात वाचणारी वीज नव्या यंत्राची किंमत भरून काढायला इतकी वर्षे घेते की तोवर तेही ‘जुने’ ठरलेले असते. जुन्या यंत्राचे सुटे भाग मिळत नाहीत, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव जगभर भडकले, कारण कारखान्यांनी आपली क्षमता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महाकाय केंद्रांकडे वळवली. मायक्रॉन या कंपनीने तर त्याच वर्षीच्या डिसेंबरात किरकोळ ग्राहकांसाठीचा ‘क्रूशल’ हा व्यापारच बंद करीत असल्याचे जाहीर केले. कॅलिफोर्नियातील यंत्रांच्या भुकेची किंमत आखाडा बाळापूरच्या दुरुस्तीवाल्याने मोजावी, अशी ही जागतिक रचना आहे. पण या महागाईचा निष्कर्ष उलट निघतो. मेमरी महाग झाली की नवा संगणकही महाग होतो, आणि बंद पडलेल्या दोन यंत्रांतून एक चालते यंत्र जुळवण्याचे मोल वाढते.

डॉ. लोहिया लहान यंत्राचा आग्रह धरीत, तो गावाला व कुटुंबाला पेलेल आणि त्यांच्या ताब्यात राहील अशा यंत्राचा आग्रह होता. संगणक हे आकाराने लहान यंत्र आहे. ते गावाच्या ताब्यात येईल की नाही, हे ते उघडता येणारा माणूस गावात आहे की नाही यावर ठरते. केरळने हे ओळखले. तेथील सरकारी शाळांनी विंडोजची वाट सोडून मुक्त प्रणाली स्वीकारली, आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ या नावाने शाळाशाळांतून विद्यार्थ्यांची पथके उभी केली. संगणकाच्या यंत्रभागाची ओळख हा त्यांच्या शिक्षणाचा भाग आहे. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र लक्षावधी मुलांनी घेतले. त्यांतील कितींना यंत्राचे झाकण उघडायला शिकवले? यंत्र वापरणारा घडवला की ग्राहक मिळतो. दुरुस्त करणारा घडवायला बाजाराला रस नसतो, म्हणून ते काम शासनाकडून करून घ्यावे लागते.

केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केले. त्याच वर्षीचे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. कागदावर आधार आहे. तालुक्यात त्याला हातपाय हवेत. पंचायत समितीच्या पातळीवर एक देखभाल केंद्र असावे, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेल्या दोन-तीन तरुणांना तेथे कंत्राटी नव्हे तर नियमित वेतन असावे. त्यांनी वर्षातून दोनदा प्रत्येक गावचे आणि शाळेचे यंत्र उघडून साफ करावे. वित्त आयोगाच्या निधीतून नव्या यंत्राइतकाच देखभालीचाही खर्च करण्याची मोकळीक मिळावी, ही मागणी जिल्हा परिषदेपुढे आपण लेखी मांडली पाहिजे.

त्यासाठी वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या ग्रामसभेत कार्यकर्त्यांनी डेडस्टॉक रजिस्टर मागावे. किती संगणक आहेत, किती चालतात, बंद पडलेले शेवटचे केव्हा उघडले, आणि गावाच्या दस्तांची दुसरी प्रत कोठे आहे, हे विचारावे. निर्लेखनाचा प्रस्ताव आला तर यंत्र प्रत्यक्ष उघडून पाहणाऱ्याच्या सहीचा अहवाल त्याला जोडल्याशिवाय तो मंजूर होऊ देऊ नये. खरिपाच्या विम्याची मुदत साधारणतः जुलैअखेर संपते. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते आणि पुण्या-मुंबईला काम करणारी आपली मुले गावी आलेली असतात. साफसफाई, डिस्कची अदलाबदल आणि प्रणालीची नवी मांडणी हे सारे त्या महिन्यात, पाऊस पडण्यापूर्वी, उरकता येण्याजोगे आहे.